कुणाच्या बाजूनं?

काही सिनेमे असे असतात की मधेच उठून दूध तापवून आलं तरी काही चुकत नाही, आणि जागचं न हलता शेवटपर्यंत बसलं तरी काही कळत नाही. १९८४ सालचा 'कोडनेम : वाइल्ड गीज' हा त्यातला.

आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात. संध्याकाळ मग लांबच लांब. ती भरायला यांना जुने, इंग्रजी, मारामारीचे सिनेमे लागतात. व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणायच्या काळात जे पाहिले तेच आता मुलानं घेऊन दिलेल्या मोठ्या टीव्हीवर पुन्हा बघतात. मी शेजारी बसून उद्याचे तांदूळ निवडते. डोळे निम्मे ताटात, निम्मे पडद्यावर.

या सिनेमात सगळंच उसनं. दिग्दर्शक इटलीचा अँटोनियो मार्गेरिती, पण पडद्यावर नाव अँथनी एम. डॉसन. पैसा लावणारा स्वित्झर्लंडचा, संगीत एका जर्मन बँडचं. गोष्ट घडते थायलंड, ब्रह्मदेश आणि लाओसच्या सीमेवरच्या अफूच्या मुलखात. चित्रीकरण बरंचसं फिलिपिन्समध्ये. नावही दुसऱ्याचं. १९७८ साली रिचर्ड बर्टन, रॉजर मूर अशा बड्या नटांचा 'द वाइल्ड गीज' येऊन गेला होता. त्याच्या कथेशी याचा काही संबंध नाही, पण पाटी बघून चार माणसं आत येतील एवढाच हिशोब. वाइल्ड गीज म्हणजे रानहंस. सतराव्या शतकाच्या शेवटी आयर्लंड सोडून फ्रान्सच्या सैन्यात गेलेल्या आयरिश शिपायांना हे नाव पडलं होतं. परक्याच्या पैशावर परक्यासाठी लढणारे.

नट मात्र नावाजलेले. लुईस कॉलिन्स त्या भाडोत्री टोळीचा कॅप्टन. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधला ली व्हॅन क्लीफ साठीला टेकलेला, हेलिकॉप्टर चालवतो. 'मार्टी'मध्ये साध्याभोळ्या खाटकाचं काम करून ऑस्कर मिळवलेला अर्नेस्ट बोर्गनाइन अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा माणूस. आणि क्लाउस किन्स्की, त्याचे ते जळजळीत डोळे! पण तोंडातून येणारा इंग्रजी आवाज त्याचा नव्हेच, दुसऱ्याच कुणाचा. तेव्हा इटलीत सगळा आवाज मागाहून भरायची पद्धतच होती म्हणे.

अफूची कोठारं जाळायला पैसे देऊन टोळी पाठवली, इथवर मला समजलं. पुढं ज्यांनी पाठवलं त्यांच्यातच फितुरी निघते, कोण कुणाला विकलं गेलंय याचा पत्ता लागत नाही, आणि गोळीबार तर थांबतच नाही. मी विचारलं, "अहो, हे आता कुणाच्या बाजूनं लढायलेत?"

"थांब की जरा, कळंल पुढं."

अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. तर म्हणतात, "मला कॅसेटवर बघितला तेव्हाही कळलं नव्हतं."

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. हाँगकाँगमध्ये एक पाठलाग आहे. बोगद्यात रस्ता अडवलेला, तर मोटार चक्क भिंतीवर चढून पलीकडं जाते. ती मोटार खेळण्यातली! मार्गेरितीचा हातखंडाच तो. छोटी छोटी मॉडेलं करायची, त्यांचे स्फोट घडवायचे. पैसे नसताना काम निभवायचं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. पंचकल्याणकाच्या मंडपात थर्माकोलचा सुमेरू पर्वत उभा करणारी आपली मंडळी मला आठवली. लांबून काय सुरेख दिसतो!

मग एक कोठार भडकलं आणि हे म्हणाले, "हां, उडवलं एकदाचं!"

"ही अनुमोदना झाली," मी म्हटलं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, तिन्ही एकाच तागडीत.

"अगं खेळणी आहेत ती, कसली हिंसा?"

मी एवढंच म्हटलं, "पिठाचा कोंबडा." यशोधर राजाची कथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आईच्या आग्रहाखातर त्यानं खऱ्या जीवाऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, आणि तेवढ्यासाठी माय-लेकांना किती जन्म जनावरांच्या योनीत काढावे लागले. हे हसले. सिनेमा काही बंद झाला नाही.

मी मग पडणारी माणसं मोजायला लागले. टोळीतला कुणी गेला की कॅमेरा घटकाभर त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. समोरच्या बाजूची, हिरव्या गणवेशातली तिथली पोरं मात्र नुसती कोसळतात. ना नाव, ना बोलणं. तिशीपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. तांदूळ तसेच राहिले.

आम्ही बेळगावात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. कॅम्पच्या बाजूला सकाळी फिरायला गेलं की नवी भरती झालेली पोरं घामाघूम होऊन धावताना दिसतात. शपथेच्या परेडला खेड्यापाड्यांतून आईबाप येतात, नऊवारीतल्या बायका पदरानं डोळे पुसतात. ही पोरंसुद्धा पगार घेतात, ती काही फुकट लढत नाहीत. आणि दुसऱ्या महायुद्धात माणगावकडचा यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढता लढता पडला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते युद्ध तरी कुणाचं होतं? तरी त्याला भाडोत्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचा पुतळा आहे माणगावात. तो कुठला, कुणाचा, हे सांगणारी माणसं आहेत.

आपल्याकडं गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. ठरवून केलेली ती संकल्पी, ती सर्वथा वर्ज्य. चूलपोतेऱ्यात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणापुरती ती विरोधी. श्रवणबेळगोळला बाहुबली उभा करणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापतीच होता, म्हणजे शिपाईगिरीला आपल्यात जागा नाही असं नाही. पण भाड्यानं मारणारा कुठल्या कप्प्यात बसवायचा? त्याला कुणाचा राग नाही, कुणापासून रक्षण करायचं नाही. ठरवून मारणं हाच त्याचा धंदा. संकल्पी आणि उद्योगी यांची गाठ मारून ठेवलीय त्यानं. आणि भरत-बाहुबलीच्या वेळी दोन्हीकडचे मंत्री काय म्हणाले? भांडण दोघा भावांचं, सैन्य कशाला मरायला हवं? मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, आणि तेही दोघांतच. लहानपणी मला त्यात फक्त बाहुबलीची उंची दिसायची. आता त्या मैदानाच्या कडेला उभे राहिलेले, जिवंत घरी परत गेलेले शिपाई दिसतात.

हे सगळं डोक्यात घोळत राहिलं त्याला कारण सिनेमा एवढंच नाही. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी त्याच सुमारास एक कागद आणून दिला. "वैनी, पोराचं परदेशात काम झालं बघा. तेवढं वाचून सांगा." मुलगा एकवीस वर्षांचा. दोनदा भरतीला उभा राहिला, दोन्ही वेळेला उंचीत बसला नाही. कागद इंग्रजीत. काम 'सिक्युरिटी हेल्पर'. पगार महिन्याला दीड लाख, जेवणखाण, राहणं त्यांच्याकडं. एजंटाला आधी भरायचे दोन लाख. मालकाच्या नावाची जागा कोरी, आणि देशाच्या रकान्यात 'कंपनी सांगेल तो'.

२०२४ साली वर्तमानपत्रांत वारंवार येत होतं. मदतनिसाची नोकरी सांगून रशियाला नेलेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर पोचली होती. त्यांत हैदराबादची होती, आमच्या कर्नाटकातल्या कलबुर्गीची होती. त्यातली काही परत आलीच नाहीत. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोला हा विषय काढला, मग सोडवणुकीला वेग आला.

मी त्या एजंटाला फोन लावला. गोड बोलतो. "मॅडम, कंपनी मोठी आहे."

"राखण कुणाची करायची?"

"ते तिथं गेल्यावर कळंल की."

यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडं बघितलं.

मावशींना मी स्पष्ट सांगितलं, दागिना मोडू नका, पोराला पाठवू नका. त्या गप्प राहिल्या. संध्याकाळी मुलगा स्वतः आला, चप्पल न काढता दारातच उभा राहिला. मी त्याला वर्तमानपत्रातली ती पोरं सांगितली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, इथं दुकानात अकरा हजार मिळतात. मी काय करू, ते तरी सांगा."

यांनी ओळखीच्या दोन ठिकाणी शब्द टाकलाय. अकराचे चौदा हजार होतील फार तर. कागद अजून माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. मुलगा तो मागायला परत आलेला नाही, आणि मावशींनीही विचारलेलं नाही. एजंटाकडं दुसरी प्रत असणारच.