पाऊस मला विकू नका!

मुंबईच्या माणसाला कांदा कळतो भावाने. लासलगावच्या माणसाला तो कळतो वासाने. निफाड तालुक्यातल्या या गावी १९४७ साली बाजार समिती स्थापन झाली, आणि आज कांद्याच्या पेठांत तिचे नाव देशभर घेतले जाते. मी तेथे गेलो तो भाद्रपदात. उन्हाळी कांदा तेव्हा चाळीत मुक्कामाला असतो.

चाळ म्हटली की आपल्यापुढे गिरगाव उभे राहते. ही चाळ निराळी: जमिनीपासून उचललेली, फटीफटींच्या भिंतींची, वारा आरपार खेळणारी. कांदा काढला की आधी शेतातच पातीखाली सुकवायचा, बोटभर मान ठेवून पात कापायची, मग सावलीत वाळवून चाळीत भरायचा. थर चार-पाच फुटांहून उंच झाला की तळचा कांदा दबतो, आणि दबलेला सडतो. जोडकांदा, डेंगळ्याचा, जाड मानेचा कांदा भरतानाच बाजूला निघतो. एवढे करूनही वजन घटते, काजळी धरते, दमट हवेत सड लागते, शेवटी कोंब फुटतात. दिवाळीपर्यंत तिसरा हिस्सा गेला तरी कोणी नवल करीत नाही. लवकर विकावा तर भाव नाही, थांबावे तर माल नाही. शेतकऱ्याचे सारे वर्ष या दोहोंत अडकलेले.

लिलावात भाव पुकारतात तो ट्रॉलीतला वरचा कांदा पाहून. खरी परीक्षा व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तेथे एका ट्रॉलीच्या तळाशी ओला माल निघाला आणि हुज्जत सुरू झाली.

"शेठ, कांदा मी नाही सडवला, पावसानं सडवला," म्हातारा म्हणाला.

"खरंय बाबा, पण पाऊस मला विकू नका!"

दोघेही खरेच बोलत होते. अखेर भाव थोडा उतरला आणि म्हातारा मुकाट्याने हिशेबाला गेला.

खळ्यावर बायका पुन्हा निवड करतात. गोल्टी वेगळी, सडका वेगळा. गोणी वाशीला पोचली की तिथे पुन्हा, भाजीवाल्याच्या पाटीत पुन्हा. ज्याच्या हाती असताना कांदा नासला, नुकसान त्याचे! २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे गॅमा किरणांचे केंद्र उभारले. त्या किरणांनी कोंब थांबतात. लागलेली सड मात्र थांबत नाही. तिला उपाय एकच, निवडणारे हात.

तेव्हा वाचकहो, टोपलीत एखादा नासका निघाला तर भाजीवाल्याला बोल लावण्याआधी तो उचला आणि उरलेले वाऱ्यावर पसरा. कांद्याची शेवटची चाळ आपल्याच स्वयंपाकघरात असते.