डॅशबोर्डवरची बाई

आमच्या बाबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. आईचं नाही, ऑफिसातल्या साहेबांचं नाही, माझं तर नाहीच नाही. पण गेल्या दिवाळीत घरात नवी गाडी आली आणि चमत्कार झाला. डॅशबोर्डवरची बाई 'सीटबेल्ट प्लीज' म्हणाली, की पासष्टीचा हा गृहस्थ 'हो बाई' म्हणत निमूट पट्टा लावतो!

माणसासारखी बोलणारी गाडी आपण १९८२ च्या 'नाइट रायडर' मालिकेपासून बघतोय म्हणा. आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलीय. चीनच्या 'निओ'नं २०१७ मध्ये डॅशबोर्डवर 'नोमी' नावाचं गोल डोकं बसवलं, बोलणाऱ्याकडे मान वळवून बघणारं. आपल्याकडे २०२१ च्या 'एमजी ॲस्टर'मध्ये तसाच छोटा रोबो आला, आवाज पॅरालिम्पिकपटू दीपा मलिकचा.

मला हा सगळा मार्केटिंगचा फंडा वाटायचा. मग स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास यांचा २००५ चा प्रयोग वाचला. सिम्युलेटरवर बसलेल्या, खुशीतल्या ड्रायव्हरशी गाडी उत्साहात बोलली आणि वैतागलेल्याशी हळू, शांतपणे बोलली, तर अपघात कमी झाले. उलट केलं तर वाढले. (वैतागलेल्या माणसाशी चिवचिवाट करू नये, हे आईला सिम्युलेटरशिवायच कळलंय.) २०१४ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. स्वतः चालणाऱ्या गाडीला 'आयरिस' हे नाव आणि आवाज दिला, तर लोकांचा तिच्यावरचा विश्वास वाढला. गाडी तीच हं!

हा विश्वास मी फेब्रुवारीत बघितला. कोल्हापूरचं लग्न उरकून आम्ही रात्री पुण्याला निघालो होतो. साताऱ्याच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं, स्क्रीनवर कॉफीचा कप उमटला आणि बाई म्हणाली, 'प्लीज टेक अ ब्रेक.' बाबांनी मुकाट्यानं ढाब्यावर गाडी घेतली. डोळे मिटताहेत हे मला कऱ्हाडपासून दिसत होतं. पण बोलणार कसं? ज्यांनी मला स्कूटर शिकवली, त्यांना 'तुम्ही आता रात्री चालवू नका' म्हणायला जीभच रेटत नव्हती.

चहा झाल्यावर म्हटलं, ''बाबा, मी घेते ना.''

''अगं, कशाला? आता ती काही म्हणत नाहीये.''

म्हणायला तिला दिसायला तर हवं! ती कॅमेऱ्यातून रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघते, गाडी त्यांच्यावर गेली की ओरडते. पुढे रस्त्याचं काम सुरू होतं, पट्टे पुसलेले. गाडी हळूहळू डिव्हायडरकडे सरकत राहिली. ती गप्प. मीच किंचाळले.

बाबांनी गाडी सावरली, कडेला घेतली. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

''उतरा बाबा. मी चालवते.''

ते उतरले. शेजारी बसून पट्टा लावला आणि पुण्यापर्यंत टक्क जागे राहिले. समोर ट्रक आला, की उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबत होते.