ख्याती, घट शून्य
'ऊर्जाक्षेत्रात पैसा कोठे गुंतवावा, हे सामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत लिहा', असा संपादकमहाशयांचा तगादा गेला महिनाभर चालू आहे. तीस वर्षे परक्यांचे ताळेबंद वाचून डोळे झिजविलेल्या मजसारख्या हिशेबनिसास ती भाषा अद्याप वश झालेली नाही, हे त्यांना ठाऊक असूनही ते तगादा सोडीत नाहीत.

तेल कोण काढते असे पुसल्यास लोक ओएनजीसीचे नाव घेतात. परंतु विहिरींची डागडुजी करणारे रिग, दाब ओसरलेला वायू नळात ढकलणारे काँप्रेसर, समुद्रतळाशी नळ तपासणारे पाणबुडे, हे पुष्कळदा लहान कंत्राटदारांचे असतात. त्यांचे पोट भाड्यावर, आणि निविदा बहुधा सर्वांत कमी दर भरणाऱ्यास. २०१४ च्या मध्यास ११० डॉलरांवर असलेले पिंप २०१६ च्या जानेवारीत ३० डॉलरांखाली आले, तसे काही घडले की ह्यांचीच यंत्रे प्रथम यार्डात उभी राहतात. मग शेजारची डबघाईस आलेली कंपनी स्वस्तात मिळते. दिवाळखोरी संहितेने तर अशा खरेदीस राजमार्गच करून दिला. मुंबईची डॉल्फिन ऑफशोअर त्याच मार्गाने अहमदाबादच्या डीप इंडस्ट्रीजकडे गेली. विकत घेऊन वाढणे हे पाप नव्हे. पाप असलेच तर ते पुढील गणितात आहे.

समजा, एका कंपनीचा वार्षिक नफा १० कोटी आणि बाजार तिला त्याच्या पंचवीसपट, म्हणजे २५० कोटी, मोल देतो. तिने ४ कोटी नफ्याची कंपनी सहापट दराने २४ कोटींस घेतली. आता नफा १४ कोटी. बाजाराने पंचवीसपट कायम ठेवली की मोल ३५० कोटी! एकही नवी विहीर न उघडता शंभर कोटी उपजले, आणि लोक ह्यास 'ग्रोथ' म्हणतात.

त्या २४ कोटींतून यंत्रे, येणे वगैरेंचे मोल वजा जाता जे उरते, ते ताळेबंदात गुडविल, पाठ्यपुस्तकी मराठीत 'ख्याती', म्हणून बसते. (येथे वाचक पान उलटील, उलटो.) जुन्या चौदाव्या लेखामानकानुसार विलीनीकरणातील ख्याती सामान्यतः पाच वर्षांत निर्लेखित करावी लागे, म्हणजे दरसाल नफ्यास थोडी कात्री लागे; नव्या इंड-एएस लेखापद्धतीत ती कात्री नाही, केवळ वर्षातून एकदा 'घट झाली काय' अशी परीक्षा, आणि तीतील भावी रोकडीचा अंदाज बांधणारे खुद्द व्यवस्थापनच. परीक्षार्थीनेच गुण द्यावेत, तशातला हा प्रकार. लंडनच्या आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने ह्यावर वर्षानुवर्षे काथ्याकूट करून २०२२ च्या नोव्हेंबरात जैसे थे ठेवण्याचे ठरविले. त्यांची कारणे मी वाचली आहेत, पटलेली नाहीत.

गतवर्षी एका निवृत्त अशिलाच्या आग्रहास्तव अशाच, विकत घेऊन वाढलेल्या एका कंपनीचे मेहसाण्याजवळील यार्ड मी पाहिले. कंपनीचे नाव सांगत नाही. काँप्रेसरवर नवा निळा रंग होता, पण उन्हात तिरपे पाहिले की त्याखाली आधीच्या धन्याचे नाव उमटलेले दिसे. शेवटची ओव्हरहॉल कधी झाली, असे विचारता फोरमन थोडा घुटमळला. ''तासांची वही जुन्या मिस्त्रीकडे असायची, साहेब. कंपनी विकली गेली, त्यानंतर दोन महिन्यांत तो गेला.'' वही? ''तीही नाही.'' कोणता व्हॉल्व्ह किती तास चालतो, हे त्या एका माणसास तोंडपाठ होते म्हणे. आणि ती जुन्या धन्याची कंपनी घेताना ख्यातीपोटी १८ कोटी मोजलेले मी अहवालात वाचून गेलो होतो.

मी अशिलास 'शेअर घेण्याचे थांबा' म्हणून लिहिले. ते थांबले नाहीत. शेअर तेव्हापासून दीडपट झाला असून दसऱ्यास त्यांच्याकडून पेढे आले, सोबत 'आपल्या सल्ल्याबद्दल आभार' अशी चिठ्ठी. त्यांच्या सौजन्यात थट्टा किती, हे मला अजून ठरविता आलेले नाही. पेढा खाऊन मी यंदाचा अहवाल उघडला. ख्याती १८ कोटी, घट शून्य.