मधली लेन

माणसाला वय विचारू नये, पगार विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोहण्याच्या स्पर्धेचे तक्ते करणाऱ्याला मात्र पहिलाच प्रश्न वयाचा विचारावा लागतो, आणि दुसरा त्याहून नाजूक असतो : "पन्नास मीटर पोहायला आपल्याला किती वेळ लागतो?"

मी मराठीचा प्राध्यापक. माझे पोहणे जवळा बाजारच्या विहिरींवरचे. पण मराठीच्या प्राध्यापकाचे अक्षर चांगले असते आणि त्याला फुरसत भरपूर असते, असा सार्वत्रिक समज असल्यामुळे मी नोकरी करतो त्या शहरातल्या प्रौढांच्या स्पर्धेचे तक्ते दरवर्षी माझ्याकडे येतात. हे काम संगणक चुटकीसरशी करतो म्हणे. आमच्या तलावावरचा संगणक मीच!

प्रौढ म्हणजे पंचविशीपुढचे. त्यांना 'मास्टर्स' म्हणतात. १९८६ साली तोकियोला या मंडळींची जागतिक स्पर्धासुद्धा भरली होती. गट पाच-पाच वर्षांचे : २५ ते २९, ३० ते ३४, आणि असेच वर वर, माणूस पोहत राहील तिथपर्यंत. वय धरायचे ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला भरणारे. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेला गृहस्थ जानेवारीतच वर्षाने मोठा होतो; आणि मौज अशी की, नव्या गटात शिरायचे असेल तर त्याला ते आवडते! तिथे तो सगळ्यांत तरुण ठरतो ना! पन्नाशी भरल्याचा इतका निर्मळ आनंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या माणसांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर बहुधा १ जूनचा. गुरुजींनी पोराकडे एकवार पाहून जे साल लिहिले, त्यावर आज कुणाचे तरी पदक अवलंबून असते.

वेळ मात्र ज्याची त्याने लिहायची, आणि तिच्यावरून हीट पाडायच्या; संथ मंडळी आधी, जलद शेवटी. आठ लेनच्या तलावात त्या हीटमधल्या सगळ्यांत जलद माणसाला चौथी लेन. मग ५, ३, ६, २, ७, १ आणि ८. काठाच्या लेनमध्ये भिंतीवर आपटून लाटा परत येतात, मधले पाणी त्या मानाने शांत. या शांत पाण्यासाठी भली भली माणसे खोटी वेळ लिहितात. एक निवृत्त साहेब दरवर्षी जी वेळ लिहितात ती खरी आहे, पण त्यांच्या कॉलेजातली. एक दुकानदार उलट मुद्दाम जास्त वेळ लिहितात, म्हणजे संथ हीटमध्ये आपण पहिले! वास्तविक निकाल हीटवर लागतच नाही. सगळ्या हीट संपल्यावर वयोगटाप्रमाणे वेळा लावतात. पण पहिला हात भिंतीला लावण्याचे सुख त्यांना हवे असते, आणि ते मला नाकारवत नाही.

गेल्या वर्षी साहेबांनी वेळ खरी लिहिली. तक्ता लागल्यावर ते माझ्याकडे आले. "सर, माझ्या शेजारच्या लेनमध्ये आमच्या ऑफिसातला शिपाई आहे."

"दोघांनीही अठ्ठेचाळीस सेकंद लिहिलेत, साहेब."

ते काही बोलले नाहीत, पण बराच वेळ तक्त्यासमोर उभे राहिले.

मला आमच्या विहिरी आठवल्या. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून थोरल्या चुलतभावाने ढकलून दिले, की आमचे शिक्षण सुरू. तिथे लेन नव्हत्या. पण कोणत्या विहिरीत कोणी उतरायचे हे ठरलेले असे, आणि ते कोणी सेकंद मोजून ठरवलेले नव्हते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी; वर्गात हे सांगताना मला आमच्याच विहिरीचा काठ दिसतो. मुली तिथे येत त्या घागर घेऊन. पोहायला कुणी आली, तर तिच्या घरी निरोप जाई.

म्हणून यंदाचा एक अर्ज मी दोनदा वाचला. वय अडुसष्ट, माहेर वसमतकडचे. पोहायला शिकल्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, शहरातल्या तलावावर. वेळेच्या रकान्यात लिहिले होते : "मोजली नाही. पण पोचते."

वेळ न देणारा सर्वांत संथ धरायचा, असा नियम आहे. तेव्हा बाई पहिल्या हीटमध्ये आल्या. त्या हीटमध्ये दोघीच उरत होत्या. अशा वेळी पुढच्या हीटमधून एकीला खाली आणून मी निदान तिघी करतो. मोकळ्या तलावात माणसाला फार एकटे वाटते. तिघींना मधून लेन वाटत गेलो, तर ४, ५ आणि ३. म्हणजे सगळ्यांत संथ बाईंना तिसरी लेन, आणि काठापर्यंतचे सगळे पाणी मोकळे!

मास्टर्समध्ये उडी मारण्याची सक्ती नसते. पाण्यात उतरून, भिंत धरूनही सुरुवात करता येते. हे त्यांना सांगावे म्हणून फोन केला.

"नको हो सर," त्या म्हणाल्या, "मी उडीच मारणार. तेवढ्यासाठीच तर नाव दिलंय."