गॉइफ

पूर्ण नाव टार्मोगॉइफ, पण 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांच्या तोंडी तो नुसता गॉइफ. मे २००७ मध्ये 'फ्यूचर साइट' संचातून आला, तेव्हा मोजक्या डॉलरांत मिळायचा. दोन मानांत, म्हणजे कार्ड खेळायला लागणाऱ्या शक्तीच्या दोन एककांत, उतरणारा हिरवा जीव. ताकदीच्या जागी आकडा नाही, चांदणी छापलेली. दोन्ही खेळाडूंच्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, जितक्या प्रकारची कार्डं पडलेली, तितकं त्याचं बळ. ते प्रकार कंसात बारीक अक्षरांत दिलेत, आणि त्यांत 'प्लेन्सवॉकर' आहे. तेव्हा खेळात एकही प्लेन्सवॉकर नव्हता. ते आले त्याच वर्षी ऑक्टोबरात. पुढचं आधीच सांगून ठेवणारं हे कार्ड म्हणूनच मला जिवाभावाचं.

त्याला घेण्याचे दिवस तेच होते, लोकांना तो उमगण्याआधीचे. एरवी उलटं घडतं. नव्या संचाला पहिल्या आठवड्यात नवलाईचा भाव असतो. मग पाकिटं फुटत जातात, बाजारात माल येतो, भाव बसतो. सुटं कार्ड घ्यावं ते तेव्हा.

२०११ मध्ये 'मॉडर्न' हा खेळप्रकार आला आणि पुढे गॉइफने शंभर डॉलर ओलांडले. २०१३ साली 'मॉडर्न मास्टर्स'मध्ये फेरछपाई झाली. आता उतरेल म्हणून बरेच जण थांबले, आणि तो चढला! छपाई बेताची होती. शिवाय डेकमध्ये गॉइफ चारच्या चार लागायचे. पाकिटात एक सापडला की माणूस उरलेल्या तिघांच्या मागे लागायचा. फेरछपाईची बातमी ऐकून थांबणाऱ्यांनी माल किती येणार, हे आधी पाहावं. २०१५ च्या लास व्हेगास ग्रांप्री स्पर्धेत तर पास्कल मेनार्ड या खेळाडूने अंतिम आठांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाकिटांतून एकेक कार्ड उचलत डेक जमवताना, डेकला हवं असलेलं कार्ड सोडून चकाकता गॉइफ उचलला. त्यावरून केवढा गदारोळ झाला! पुढे लिलावात त्या कार्डाला १४,९०० डॉलर आले, त्यातले निम्मे मेनार्डने दान केले. मला त्याची ती निवड तेव्हाही पटली होती.

जानेवारी २०१७ मध्ये 'फेटल पुश' हे कार्ड आलं. एका काळ्या मानात गॉइफ आडवा. दोनच महिन्यांनी गॉइफची पुन्हा छपाई, २०१८ मध्ये आणखी एकदा. मागणी ओसरलेली, माल भरपूर. असा योग क्वचित जुळतो. माझा चौथा मी तेव्हा घेतला, मुद्दाम २००७ चा. कडा पांढुरक्या झाल्यात, एक कोपरा किंचित दुमडलाय. कंसातला 'प्लेन्सवॉकर' मात्र लख्ख वाचता येतो.