पॉपॉंचं देणं

टेक्सासात ब्रॅझोस नदीच्या काठी मका पेरणाऱ्याला किडीच्या आधी डुकराचा घोर असतो. फेब्रुवारीअखेर पेरणी झाली की रात्री कळप येतो आणि पेरलेल्या ओळीत नाक घालून एकेक दाणा उकरत थेट बांधापर्यंत जातो. सकाळी रान पाहावं तर कुणी उलटा नांगर फिरवल्यासारखं दिसतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली. पुढे 1930 च्या दशकात काही जमीनदारांनी शिकारीच्या हौसेनं युरोपातली रानडुकरं आणून सोडली. आजचे कळप ही त्या दोघांची संतती. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं, ही डुकरं मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही.

कायद्यानं मुभा दिली. हात तयार केला तो पॉपॉंनी.

पॉपॉ म्हणजे आमचे शेजारी. तिकडे बरीच नातवंडं आजोबांना याच नावानं हाक मारतात. आमची मुलं तसं म्हणू लागली, मग घरात तेच नाव रुळलं. तोंडावर मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि ते मला 'सन'. त्यांची सगळी हयात लेथवर गेलेली. माझे वडील कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत टर्नर होते, हे पहिल्या ओळखीत सांगितलं तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली आणि वडिलांकडे कोणतं मशीन होतं, बिडाचा जॉब कसा धरायचे, माप कशानं घ्यायचे, हे खोदून खोदून विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्या गॅरेजचं दार मला उघडं झालं.

एक गोष्ट ते सुरुवातीलाच बोलले. बंदुकीनं डुकरं संपत नाहीत. वर्षाला साधारण दोन तृतीयांश काढली तर कुठे संख्या वाढायची थांबते, आणि ते काम मोठ्या पिंजऱ्याचं, ज्यात अख्खा कळप एकदम अडकतो. पिंजऱ्याला बुजलेली, दाराशी येऊन परत फिरणारी जी चार जनावरं उरतात त्यांच्यासाठी रायफल. आणि त्यांच्यावर सुटलेली गोळी वाया जाता कामा नये, जनावर जखमी होऊन झाडीत जाता कामा नये. डुकराचं काळीज छातीत खाली आणि पुढे, पुढच्या पायाच्या रेषेत असतं. हरणाच्या अंदाजानं मागे-वर नेम धरला तर गोळी पोटात बसते. थोराड नराच्या खांद्यावर तर कूर्चेची जाड ढालच असते. "ते पीक खातं म्हणून त्याला तळमळत मारायचा हक्क मिळत नाही," असं ते म्हणायचे. पुढची सगळी मापं, सगळा किचकटपणा या एका वाक्यापायी होता.

मला दिलेली रायफल त्यांचीच, .308 विंचेस्टरची, जुनी रेमिंग्टन 700. बोल्ट लोण्यासारखा सरकायचा, पण नळी झिजलेली. चेंबरच्या पुढे जिथे पीळ सुरू होतो तो भाग दारूच्या ज्वाळेनं खाल्ला होता. नवी नळी बसवायचं काम गावातल्या बंदूक-कारागिरानं केलं आणि पॉपॉ मला शेजारी उभं करून प्रत्येक पायरी दाखवत राहिले. नळी बसल्यावर दोन गेज आत घालून पाहतात. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. दोन्हींतला फरक चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. आमच्या वडिलांच्या तोंडचं हे माप दुसऱ्या खंडात, दुसऱ्याच कामात कानी पडलं तेव्हा मला गहिवरून आलं.

मग काडतुसं. दुकानातली तयार काडतुसं वाईट नसतात, पण ती कुठल्याही नळीत चालतील अशी बनवलेली असतात. आपल्या नळीला काय मानवतं ते आपणच शोधायचं. घरी काडतूस भरणं सोपं होतं ते एका इंग्रजामुळे. अमेरिकी काडतुसात जी टोपी बसते, म्हणजे प्रायमर, ती एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश अधिकाऱ्याची रचना. तिच्या घराला मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे सुईनं जुनी टोपी ढकलून काढता येते. हायरम बर्डन या अमेरिकनाची रचना गेली युरोपात. बंदुकीच्या इतिहासातली ही अदलाबदल पॉपॉंच्या फार आवडीची. ते ती प्रत्येक नवख्याला सांगत.

त्यांच्या बाकावर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. रिकाम्या पुंगळ्या धुऊन, वाळवून रांगेत उभ्या. प्रेसच्या दांड्यावर त्यांचा जाड, तेलकट अंगठा. पुंगळी डायमधून काढताना तिचा खांदा मागे दाबला जायचा तो फक्त दोन थाऊ, जास्त नाही. जास्त दाबला तर पितळ दर वेळी ताणतं आणि बुडाजवळ तडकतं. मग मान कापून लांबी सारखी करायची, कडेची धार मोडायची, टोपी बसवायची आणि बोटाचं टोक फिरवून ती जरा आत गेली आहे ना हे चाचपायचं. दारू तराजूवर ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलायची, आणि ग्रेन म्हणजे जेमतेम पासष्ट मिलिग्रॅम. सगळ्या पुंगळ्या भरून झाल्या की ठोकळा दिव्याखाली धरून प्रत्येकीत डोकावायचं, सगळीकडे दारूची पातळी एक आहे का. एकीत जास्त पडली तर रायफल फुटू शकते. त्या वेळी ते बोलत नसत, रेडिओ बंद असे आणि कुणी हाक मारली तरी मान वर होत नसे.

दारूचं प्रमाण ठरवताना छापील पुस्तक हाच आधार. त्यातल्या कमाल मापाच्या दहा टक्के खालून सुरुवात, मग थोडं थोडं वर. प्रत्येक फैरीनंतर पुंगळी हातात घेऊन बघायची. टोपी चपटी झाली, बोल्ट जड उचलला, बुडावर चमकता ओरखडा उठला की तिथेच थांबायचं, नेम कितीही सुंदर लागत असला तरी. टेक्सासच्या उन्हात तापलेल्या काडतुसात दाब आणखी वाढतो, म्हणून हिवाळ्यात ठरवलेलं माप उन्हाळ्यात पुन्हा तपासायला ते लावत.

तीन गोळ्यांच्या झुबक्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शंभर यार्डांवर निशाण्याच्या कागदी चकतीवरची तीन भोकं एका नाण्याखाली झाकली जातात आणि माणूस ती चकती खिशात घालून मिरवतो. दहा गोळ्या झाडल्या की खरं चित्र दिसतं. याबाबत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. तीनात नशीब लपतं. शिवाय नवी नळी पहिल्या शंभर-सव्वाशे फैरींत बऱ्याचदा वेग वाढवते, त्यामुळे कोऱ्या नळीत जमलेलं प्रमाण अंतिम धरायचं नाही. नळी बसू द्यायची, मग निवाडा करायचा. अखेर आमच्या नळीला काय हवं ते सापडलं. दहाही गोळ्या इंचभर जागेत. पॉपॉंनी चकतीवर तारीख, तापमान आणि दारूचा लॉट नंबर लिहिला आणि ती वहीत डकवली.

रायफलीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. प्रेसचेही नाहीत. हात कापायला लागल्यावर त्यांनी तराजू माझ्याकडे दिला, वही दिली आणि सांगितलं, नातीला शिकव. आता ती शनिवारी येते. तिला मी आधी रेडिओ बंद करायला शिकवलं आणि मग बाकी सगळं. हे ऋण फिटणारं नाही आणि मला ते फेडून मोकळं व्हायचंही नाही.

त्या वहीतलं आमच्या काडतुसाचं माप मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. परदेशात शेती करणारे आपले काही वाचक हे काम शिकू पाहत असतील. त्यांना एवढंच सांगणं: दुसऱ्याच्या नळीचं माप कधी उसनं घेऊ नका, छापील पुस्तकाच्या तळापासून सुरुवात करा, आणि ज्याचे केस या कामात पिकलेत अशा कुणाशेजारी आधी नुसते बसा.