गाठ आणि मुंग्या

आम्ही दोघी सख्ख्या जावा. सतरा वर्षे एकाच चुलीवर रांधतो. पहाटे उठून डब्यांसाठी दीडशे चपात्या लाटतो. एकमेकींपासून काही लपत नाही, अशी आमची समजूत होती. पण थोरलीने उजव्या छातीतली गाठ दोन महिने लपविली. न्हाताना हाताला लागली, बोराएवढी. दुखत नव्हती म्हणून ती निर्धास्त राहिली. पुढे रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. गाठीचे विष हातात उतरले, असे तिने मनाशी धरले आणि मग तर तोंडच मिटले. पोरीची सोयरीक जुळत होती. 'आईला कॅन्सर' असे कानोकानी झाले तर?

एका रात्री धाकटीने तिला अंधारात बसून हात झटकताना पाहिले, तेव्हा कुठे सारे बाहेर आले.

"ताई, उद्याच जायचं."

"आणि चपात्या कोण लाटील?"

यावर आम्ही अर्धा तास भांडलो! आता हसू येते.

जवळच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड दोन्ही बाजू आणि काखा तपासल्या. दुखत नाही म्हणून थांबलो, असे सांगताच त्या रागावल्या. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणाल्या. मात्र नुसते चाचपून खात्री देता येत नाही. म्हणून आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि लागल्यास सुईची तपासणी. सुई लावली की रोग पसरतो, असे शेजारणींनी भरविले होते. बाईंनी तो गैरसमज काढला.

मॅमोग्राफीत छाती दोन पट्ट्यांत दाबतात. कळ येते, पण क्षणभर. सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली. सुईने पिवळसर पाणी काढले, त्यात रक्त नव्हते, आणि गाठ जागच्या जागी बसली. थोरली तिथेच रडली. दोन महिन्यांचे रडणे होते ते. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला बोलावले आहे.

मुंग्यांचे मूळ निराळेच निघाले. कोणत्या बोटांना येतात, असे बाईंनी विचारले. करंगळी सोडून बाकीच्यांना! मनगटावर टिचकी मारताच बोटांत झिणझिण्या गेल्या. लाटणे फिरवून फिरवून मनगटातली नस दबली होती. मधुमेह, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता यांनीही मुंग्या येतात, म्हणून रक्तही तपासले. ते ठीक निघाले. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी मिळाली.

त्याच दिवशी धाकटीनेही तपासून घेतले. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. ज्यांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, त्यांतील पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. नुसत्या हाताने, भगिनींनो! आणि आम्ही आमचाच हात दोन महिने झटकत बसलो.

पोरीची सोयरीक जुळली. थोरलीने काही दिवस लाटण्याला हात लावायचा नाही, असे ठरले आहे. पण पहाटे डोळा लागला की ती गुपचूप कणीक मळायला घेते, आणि आमचे पुन्हा भांडण.